टाक्याटाक्याला गाठ

पंचफुला सिस्टरांना गोधडी शिवताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंच्या मांडीवर कुणी पेशंट झोपलाय. घरापुढच्या छपरीत वेताची खुर्ची, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि मांडीवर जुन्या लुगड्यांची चवड. एक टाका घालायचा, दोऱ्याची दोन्ही टोकं धरून घट्ट गाठ मारायची आणि कात्रीने दोरा कचकन कापायचा. मग पुन्हा टाका, पुन्हा गाठ, पुन्हा कात्री. सगळं जग गोधडीला धावदोरा घालतं. सिस्टर मात्र जखम शिवावी तशी गोधडी शिवत होत्या.

आम्ही त्यांचे भाडेकरू. लग्न होऊन मी तुमसरहून बालाघाटला आले, यांची नोकरी इथली, आणि राहायला मिळाल्या त्या सिस्टरांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या. सिस्टर नुकत्याच निवृत्त झालेल्या. उभी नोकरी सरकारी नर्स म्हणून गेली, त्यातली बरीच वर्षं बिरशाकडच्या जंगलातल्या एका लहानशा दवाखान्यात. डॉक्टर असले तर असले, नसले तर बाळंतपणापासून कुऱ्हाडीच्या घावापर्यंत सगळं सिस्टरांच्याच गळ्यात. टाके घालणं त्या तिथेच शिकल्या, आणि एकदा शिकलेली गोष्ट बदलायची म्हणजे त्यांना कमीपणा वाटे.

"सिस्टर, असं नाही शिवत," मी न राहवून म्हणाले. "सलग टाके घालत जायचे. नाहीतर ही पुरी कधी व्हायची?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सलग दोरा असन आन एका जागी तुटला, त मंग?"

"मग थोडी उसवते."

"थोडी नाई, सर्री उसवते. माह्या पद्धतीनं एक टाका गेला त एकच गेला. बाकीचे आपापल्या गाठीनं बसून रायतेत."

"पण सिस्टर, ही गोधडी आहे, कुणाचं पोट नाही."

"तुले काय मालूम? पोटाहून जास्त ताण हिच्यावर येते. पोटाले काय दोघं जन रातभर इकडून तिकडून वढतेत का?"

  सिस्टरांशी वाद घालून जिंकलेला माणूस आमच्या वॉर्डात तरी मला भेटला नाही.

बाई आडव्या बांध्याच्या, सावळ्या, आवाज असा की छपरीतून हाक मारली तर चौकातल्या पानठेल्यावरचा माणूस ओ द्यायचा. लग्न केलं नव्हतं. का, म्हणून विचारलं की म्हणायच्या, "टाइमच नाई भेटला बाप्पा. लोकायची लेकरं बाहेर काढता काढता माह्यी वरात राहूनच गेली." शरीराच्या कुठल्याही गोष्टीची त्यांना लाज म्हणून नव्हती. पोट साफ होतं का, पाळी वेळेवर येते का, हे प्रश्न त्या चारचौघांत, भाजीवाल्याच्या गाडीपाशी उभ्या राहून विचारत. नवीन असताना मी तर त्यांना बघून रस्ता बदलत असे.

नंतरची वर्षं त्या बालाघाटच्याच सरकारी दवाखान्यात होत्या, त्यामुळे गावातल्या निम्म्या तरुणांना त्या चेहऱ्यापेक्षा जन्मामुळे जास्त ओळखत. एकदा आमच्या वॉर्डाचा नवा मेंबर पांढरे कपडे घालून, चार पोरं मागे घेऊन आला. नाली रुंद करायची म्हणून सिस्टरांची कुंपणाची भिंत मागे घ्या, असं बरंच कडक हिंदीत सांगू लागला. सिस्टर शिवता शिवता ऐकत होत्या. त्याचं संपलं तेव्हा म्हणाल्या, "तू कमलाबाईचा ना? तू पायाळू. डोकं सोडून पहिला पाय बाहेर काढलता तू. त्या पायाले धरून कोनी फिरवला होता तुले, इचार मायले." मागची पोरं खुदकन हसली. मेंबर लालबुंद झाला. मग वाकून सिस्टरांच्या पाया पडला आणि चहा पिऊन गेला. भिंत शेवटी मागे घेतलीच, कारण नाली खरोखर अरुंद होती. सिस्टरांनी स्वतःच गवंडी लावला.

घरात बुद्धाच्या फोटोसमोर रोज मेणबत्ती लावायच्या, पण अंगारेधुपारे, दृष्ट, अवस-पुनव यांचं नाव काढलेलं त्यांना खपत नसे. बिरशाकडे असताना मांत्रिकाच्या तावडीतून बाळंतिणी ओढून आणल्याच्या गोष्टी त्या रंगवून सांगत. अशा बाईंचा गोधडीच्या कापडाबाबतचा नियम मात्र ऐकून मी हसतच सुटले. गोधडीत त्या फक्त गाढ झोपणाऱ्या माणसाचे जुने कपडे घेत.

आमच्या यांची विरलेली लुंगी त्यांनी स्वतःहून मागून नेली. "मोठं झोपतेत भाऊ. भितीपलीकडून आयकू येते मले." मी उत्साहाने माझी एक मऊ सुती साडी पुढे केली, तर हात लावला नाही. "तुही नोको व. तुह्या डोक्यात रातभर गिरनी चालू रायते. लेकराले कायले तरास?" रात्री दीड-दोनपर्यंत माझा डोळा लागत नाही, हे खरंच होतं. पण ते साडीला कसं कळणार, असं विचारलं तर म्हणाल्या, "हे अंधश्रद्धा नोय. हा अनुभव हाय." त्यांच्याकडे या दोन गोष्टींतला फरक एवढाच होता की पहिली दुसऱ्यांची असायची.

लेकरू म्हणजे सुजाताचं होणारं लेकरू. सुजाता ही सिस्टरांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण लवकर वारली आणि तेव्हापासून सुजाताला सिस्टरांनीच वाढवलं, शिकवलं, कटंगीच्या चांगल्या घरात दिली. तिला पाचवा महिना लागला तेव्हा ही गोधडी सुरू झाली. लहानशीच, बाळाला गुंडाळण्यापुरती. आमच्याकडे तान्ह्या बाळाला नवं कोरं कापड लावत नाहीत, वापरून मऊ झालेलंच घालतात, तेव्हा त्यात काही वावगं नव्हतं.

सातव्या महिन्यात ते मूल गेलं.

सुजाताला विश्रांतीसाठी बालाघाटला आणलं होतं. तिची सासू भेटायला आली. उंच, कोरड्या अंगाची, कमी बोलणारी बाई. छपरीत खुर्चीच्या पाठीवर ती अर्धी गोधडी तशीच पडलेली होती. तिच्याकडे बघत ती म्हणाली, "लेकरू याच्या आंधी त्याचं अंथरून करू नाई, हे लहान पोरीले समजते. तुमी त नरस होत्या."

सिस्टर शांत होत्या. म्हणाल्या, "इहीनबाई, कथडीनं लेकरू जात नाई. वारेत दोष होता. लेकराले रक्त पुरलं नाई. मोठ्या डाक्टरनं सांगतलं, मी सोता कागद पायले."

"असन," सासू म्हणाली. "पन शिवली त होती ना."

सिस्टर काहीतरी बोलतील म्हणून मी वाट पाहत होते. एरवी त्यांनी अशा बोलण्याच्या चिंध्या केल्या असत्या. त्या उठल्या आणि आत चहा ठेवायला गेल्या. आत सुजाता झोपली होती, तिच्या कानावर वाद जाऊ नये म्हणून असेल, असं मला वाटलं.

गोधडी काही त्यांनी पेटीत टाकली नाही. दुसऱ्या दिवशीही ती मांडीवर होतीच, तिसऱ्या दिवशीही होती. वर्ष गेलं, सुजाताला पुन्हा दिवस गेले. या वेळी तिसऱ्या महिन्यातच सगळं आटोपलं. गोधडी तरीही चालूच. गल्लीतल्या बायका आता चेष्टा करायच्या. "सिस्टर, कथडी शिवून राह्यल्या का रस्ता बांधून राह्यल्या?" सिस्टर म्हणायच्या, "गाठी मारा लागतेत बाई, टाइम लागते." तेच खरं धरून आम्ही सगळे चाललो होतो.

एका दुपारी मला शाळेतून लवकर सुट्टी मिळाली. मी तिथे लहान मुलांना शिकवत असे. घरी आले तर सिस्टर छपरीत नव्हत्या, आतल्या खोलीत खिडकीपाशी बसल्या होत्या. हातात कात्री होती, पण सुई नव्हती. सकाळी घातलेल्या गाठी त्या एकेक करून कापत होत्या. पदरात दोऱ्यांच्या तुकड्यांचा ढीग पडला होता. मला पाहून थांबल्या नाहीत.

"हे काय सिस्टर? चांगले तर होते टाके."

"टाके चांगलेच हायेत."

"मग?"

 कात्री न थांबवता त्या म्हणाल्या, "पुरी झाली आन पुन्हा तसंच झालं, त मी त्या पोरीले काय तोंड दाखवू?"

"सिस्टर, तुम्ही असं म्हणता? तुम्हीच तर सांगितलं, वारेत दोष होता म्हणून."

"सांगतलं ना. मले मालूम हाय सर्रं. डोकं नाईच मानत." त्यांनी आणखी एक गाठ कापली. "हात मानतेत. शेवटच्या कोपऱ्यापाशी आले का थांबतेत. मी काय करू त्याईले?"

"मग ठेवूनच द्या ना ही."

"ठेवली म्हंजे सुजाताले वाटन का मायनं आता आशा सोडली. अर्धी असली म्हंजे चालू हाय. चालू असली म्हंजे बरं वाटते तिले."

मला तेव्हा त्यांची फार माया आली. एवढी दांडगी बाई, आणि आपल्याच हातांपुढे हात टेकून बसली होती. मी त्यांच्या शेजारी बसले आणि दोऱ्यांचे तुकडे गोळा केले. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, यांनाही नाही.

असं किती वर्षं चाललं असतं कोण जाणे. पुढे डॉक्टरांनीच सांगितलं की आता सुजाताच्या जिवावर बेतेल, पुरे करा. ती आणि तिचा नवरा प्रकाश यांनी मूल दत्तक घ्यायचं ठरवलं. सासूला ते पटलं नव्हतं. "कोनाची कोन, कुठची," असं ती म्हणत राहिली, पण आडवी आली नाही. मग वाट पाहणं सुरू झालं आणि तेही लांबत गेलं. अखेर एका सकाळी सिस्टरांचा आवाज भिंत फोडून आमच्या स्वयंपाकघरात आला.

"अव बाई! पोरगी भेटली! चार वर्साची हाय! रोशनी नाव हाय तिचं!"

मी हात न पुसताच धावले. सिस्टर अंगणात उभ्या राहून ती गोधडी दोन्ही हातांनी उलगडून बघत होत्या. तान्ह्या बाळाच्या मापाची गोधडी. चार वर्षांच्या मुलीच्या ती गुडघ्यालाही पुरली नसती. तेवढ्यात समोरच्या घरातली छकुली दारात दिसली, तर सिस्टरांनी तिला उचलून आणली आणि गोधडीवर आडवी केली. पाय पार बाहेर. पोरीने भोकाड पसरलं, तिची आई घाबरून धावत आली. सिस्टर त्या दोघींकडे लक्ष न देता वितीने माप घेत म्हणाल्या, "दोन इता इकून, एक इत तिकून."

आणि मग त्या शिवायला बसल्या ते बसल्याच. चारी बाजूंनी नवे पट्टे जोडत गेल्या. त्यांच्या हाताला एवढा वेग आहे हे कुणाला माहीतच नव्हतं. "आता काई भेव नाई," त्या मला म्हणाल्या. "लेकरू आंधी आलं, अंथरून मागून. इहीनबाईच्याच कायद्यानं." एकटीच्याने वेळेत होईना तेव्हा दुसऱ्या टोकाला मला बसवलं. कापड तुझं नको, पण हात चालतील, म्हणाल्या. मी माझा धावदोरा घातला, त्यांनी त्यांच्या गाठी मारल्या. शेवटच्या कोपऱ्यावर मी तिरप्या नजरेने त्यांच्याकडे पाहत होते. त्यांनी टाका घातला, गाठ मारली, दोरा कापला आणि म्हणाल्या, "चाय ठेव."

थंडीचे दिवस होते. कटंगीला निघाल्या तेव्हा मलाही बरोबर घेतलं. धानाची कापणी होऊन गेलेली, बसच्या दोन्ही बाजूंना नुसती खुंटं. गोधडी चादरीत बांधून सिस्टरांनी मांडीवर घेतली होती, कंडक्टरने वर ठेवा म्हटलं तर त्याच्यावर खेकसल्या. दारात सुजाताची सासू उभी होती. तिने गाठोड्याकडे पाहिलं.

"झाली का?"

"झाली," सिस्टर म्हणाल्या.

रोशनी पलंगाच्या अगदी कडेला बसली होती. दोन वेण्या, मोठे डोळे, खांद्याला एक कापडी पिशवी. पिशवी ती उतरवतच नव्हती. पोळी हवी का, "जी." नको का, "जी." खेळायला जातेस का, "जी," आणि जागची हलली नाही. सुजाता कौतुकाने सांगत होती, "मोठीमाय, महिना होत आला, पोरीनं काईच तरास नाई देल्ला. जे म्हटलं ते आयकते. एक दिवस रडली नाई."

सिस्टरांचा चेहरा उतरला. संध्याकाळी नळापाशी त्या मला म्हणाल्या, "हे बरं नाई. चार वर्साचं लेकरू जिद्द करत नाई, रडत नाई, म्हंजे ते पाहुनं हाय. कवा जा लागन म्हनून बसून हाय ते." मग थोड्या वेळाने, "सुजाताले सांगू नोको. तिले वाटते पोरगी रुळली."

त्या रात्री रोशनी सिस्टरांजवळ झोपली. दोघींवर मिळून ती गोधडी. मी पलीकडे होते. पोरीने गोधडीला हात लावून पाहिला, गाठींवरून बोट फिरवलं, आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाली, "जी, अच्छी है."

सकाळी जाग आली तेव्हा सिस्टर अंथरुणावर उठून बसल्या होत्या. शेजारी रोशनी नव्हती, गोधडीही नव्हती. गादीवर ओला डाग. सिस्टरांनी ओठांवर बोट ठेवलं आणि उठल्या. मी त्यांच्यामागे गेले.

मागच्या खोलीत धानाची कोठी होती. तिच्याआड गोधडीचा बोळा कोंबलेला आणि त्याच्यासमोर, तो दिसू नये अशी, रोशनी उभी. पायात चपला घातलेल्या, खांद्याला पिशवी. रडत नव्हती. सिस्टरांकडे बघून तिने अगदी शहाण्यासारखं विचारलं, "वापस जाने वाली गाड़ी कब आएगी?"

   सिस्टरांनी वाकून गोधडी ओढली, खांद्यावर टाकली आणि सरळ अंगणात गेल्या. तिथे सासू दात घासत होती, प्रकाश गाडी पुसत होता, सुजाता चुलीपाशी होती, आणि कुंपणापलीकडे शेजारच्या दोन बाया पाणी भरत होत्या. सिस्टरांनी गोधडी उन्हात भिंतीवर पसरली, डाग चांगला दिसेल अशी. आणि आपल्या त्या चौकापर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाल्या,

"रात्री म्या अंथरून ओलं केलं बाप्पा. आता सांगूनच देतो. काहून पाहून राह्यले? म्हातारपनी होते असं!"

प्रकाशचा हात जागीच थांबला. शेजारणींनी पदर तोंडाला लावला. सुजाताने आधी सिस्टरांकडे पाहिलं, मग दारात येऊन थांबलेल्या पोरीकडे पाहिलं, आणि पुन्हा चुलीकडे वळली. तिचे खांदे मात्र हलत होते.

सासू चूळ भरून जवळ आली. "अव्व बाई! इतक्या वर्साची मेहनत, आन पयल्याच रात्री! इहीनबाई, संध्याकायपासून पानी कमी प्या. तीळ-गूळ खात जा. माह्या सासूले त्यानंच गुन आलता."

"हौ," सिस्टर म्हणाल्या.

"आन झोपाच्या आंधी एकदा जाऊनच येत जा."

"हौ, बरोबर हाय तुमचं," ज्या बाईने आयुष्यात कुणाचा सल्ला घेतला नाही त्या मान खाली घालून म्हणाल्या.

रोशनी हळूहळू अंगणाच्या मधोमध आली. भिंतीवरच्या डागाकडे बघितलं, हसणाऱ्या बायांकडे बघितलं. मग सिस्टरांचा पदर धरून ओढला, आणि त्यांनी खाली वाकावं असा हट्टच केला. सिस्टर वाकल्या.

"नानी," ती म्हणाली. आवाज दबका होता, पण आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. "रात को लगे तो मेरे को उठा देना. मैं ले चलूँगी. अकेले डर लगता है ना?"

"हाँ बेटा," सिस्टर म्हणाल्या. "बहुत लगता है."

मी त्याच दिवशी संध्याकाळच्या बसने एकटी परत निघाले. सिस्टर आणखी राहणार होत्या. पुढे आमची बदली झाली आणि सिस्टर गेल्याचं सुजाताच्या फोनवरूनच कळलं, त्यामुळे माझ्यासाठी त्या तिथेच राहिल्या आहेत. निरोप घ्यायला मी मागच्या अंगणात गेले तेव्हा दिवेलागण व्हायची होती, अजून उजेड होता. अंगणाच्या टोकाला संडास. तिकडे रोशनी पुढे चालली होती, सिस्टरांचं एक बोट घट्ट धरून, आणि दर दोन पावलांनी मागे वळून त्यांना, सँभल के, असं बजावत होती. आणि सिस्टर, काही एक गरज नसताना, सांभाळून सांभाळून तिच्यामागे जात होत्या.